छत्रीची दुसरी तार

मी शिडी मागितली आणि सासूबाईंनी माझ्या ताटात चौथा धोंडा वाढला.

"मामी, पोट फुटेल आता. शिडी कुठं आहे तेवढं सांगा."

"शिडी कुठं पळून जातीया? आदी खावा. वैजू, तूप वाढ त्यांना."

वैजूने, म्हणजे माझ्या बायकोने, तुपाची धार सोडली आणि मी काही बोलायच्या आत वाटीभर तूप ताटात पसरलं. धोंडा हा पुरण भरून उकडलेला कणकेचा गोळा. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून तो खाऊ घालतात. जावयाचे पाय धुतात, त्याला ओवाळतात, चांदीचं काहीबाही हातावर ठेवतात. त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात नारायण. पण दोन धोंडे पोटात गेले की नारायणालाही आडवं व्हावंसं वाटतं, आणि मला तर सासऱ्यांच्या घराच्या स्लॅबवर चढून टीव्हीच्या छत्रीला दुसरी तार लावायची होती.

ही विट्याची गोष्ट आहे, बरीच वर्षं झाली. सासरे सर्जेराव वीज बोर्डात लाइनमन होते. उभं आयुष्य पोलावर गेलं. आमचं लग्न ठरत असताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "पोलावर कदी चढलाय का?" मी टेलिकॉम कंपनीत इंजिनिअर आहे, बसून काम करतो, असं म्हणालो. ते म्हणाले, "बसून." एवढंच. लग्न झालं, पण तो 'बसून' माझ्या नावाला कायमचा चिकटला.

त्या उन्हाळ्यात त्यांना अटॅक आला. संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्यांची चर्चा बघताना, पडद्यावरच्या कुणाला तरी "आरं खोटारड्या" असं म्हणत ते उठले आणि खुर्चीसकट खाली आले. सांगलीला नेऊन वाचवलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तंबाखू बंद केली, शिडी आणि पोल तर बंदच. शेवटी म्हणाले, "आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. दुसऱ्या झटक्याला मी जबाबदार नाही." सासऱ्यांनी सगळं कबूल केलं. फक्त बातम्या बंद करा म्हटल्यावर म्हणाले, "मग मला तितंच जाऊ द्यायचं हुतं."

ते बरे होऊन घरी आल्यावर मी आणि वैजूने त्यांना नवा डिश टीव्हीचा डबा पाठवला. त्याच्यात दोन ट्यूनर असतात. म्हणजे एक चॅनेल बघत असताना दुसरं रेकॉर्ड होत राहतं. सासऱ्यांनी बातम्या बघाव्यात, सासूबाईंची सातची तासाभराची मालिका रेकॉर्ड व्हावी, रिमोटवरून भांडण नको, असा हिशोब. जोडणी सासऱ्यांनी स्वतः केली. कंपनीचा माणूस दोन तारा ओढायला लागला तर त्याला म्हणाले, "एका पोलावरनं मी अख्ख्या गल्लीला कनेक्शन दिलंय, आन् तू मला एका डब्याला दोन वायरी सांगतोस?" त्याला चहा पाजून वाटेला लावला. जुन्या केबलच्या काळातला एक फाटा घरात पडून होता. छत्रीवरून आलेली एक तार त्या फाट्यात, आणि फाट्यातून दोन तुकडे डब्याच्या दोन तोंडांत. लाइनमनच्या हिशोबाने यात काहीच चूक नव्हती.

आदल्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा सासरे टीव्हीसमोर बसले होते. चेहरा उतरलेला, आवाज बसलेला. बातम्या चालू होत्या. निवेदक हात झाडत म्हणाला, "आजचा सवाल आहे..." आणि डब्यावर रेकॉर्डिंगची लाल बत्ती लागली. पडदा काळा. 'सिग्नल उपलब्ध नाही.'

"गेलं!" सासऱ्यांनी रिमोट मांडीवर आपटला. "बगा पाव्हणं. रोज सात वाजलं की असं. आठपतूर काय न्हाई, तवर चर्चा सपती."

"ढग आल्यात," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

मी अंगणात जाऊन पाहिलं. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता.

सासऱ्यांनी मग बोटानं चॅनेल बदलत बदलत शेतीचं चॅनेल लावलं. तिथे चित्र अगदी स्वच्छ. एक बाई शेळ्यांना लस टोचायला शिकवत होती. "उस्मानाबादी हाय," ते मलूल आवाजात म्हणाले. "जुळी देती." त्यांच्या घरात शेळी सोडाच, मांजरही नव्हतं.

मी टीव्हीच्या मागे वाकलो, तो फाटा पाहिला, आणि माझ्या अंगात इंजिनिअर संचारला. गोष्ट साधी होती. आकाशातून चॅनेल दोन गटांत उतरतात. कुठला गट पाठवायचा याचा हुकूम खालच्या डब्याकडून तारेतून वर जातो. एकाच तारेवर दोन ट्यूनर दोन वेगळे हुकूम सोडायला लागले की ज्याचा जोर जास्त त्याचं चालतं, दुसऱ्याचा पडदा काळा. मालिका एका गटात, बातम्या दुसऱ्यात. मालिकेचं रेकॉर्डिंग लागलं की बातम्या जायच्या. शेतीचं चॅनेल मालिकेच्या गटातलं, म्हणून शेळ्या शाबूत. छत्रीवर दुसऱ्या तारेसाठी तोंड असतं, तिथून नवी तार आणली की प्रश्न मिटला.

पण 'मामा, तुमची जोडणी चुकली' हे लाइनमनला कसं सांगायचं? त्यातून नुकता वाचलेला माणूस. मी म्हणालो, "मामा, तार उंदराने कुरतडली असेल. उद्या एक नवी टाकतो."

सासऱ्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच थोडा जीव आला. "तुमी टाकणार? वर चढून?"

"चढून."

खरं सांगायचं तर बातम्यांचं मला काही पडलं नव्हतं. मला तो 'बसून' पुसायचा होता.

सकाळी बाजारातून काळ्या तारेचं वेटोळं आणलं. मी परत आलो तेव्हा वैजू आईला पुरण वाटायला मदत करत होती. मी सहज म्हणालो, "मामी, आजपासून तुमची मालिका आणि मामांच्या बातम्या दोन्ही. कुठवर आलीय मालिका?"

"हाय की. चाललीया."

"त्या नंदिनीची बहीण सापडली का?" वैजूने विचारलं.

"कोण नंदिनी?"

"अगं आई, नायिका! तूच रोज रेकॉर्ड करतेस ना?"

"ती व्हय. ती रडती."

"रडती कुठली? दिवाळीतच मेली ती. आता तिची जुळी बहीण आहे."

"मेली? बाई बाई. सुटली बिचारी," म्हणून सासूबाई पुरणाकडे वळल्या. मी हसलो. वय झालं की माणसं विसरतात, असा मोठेपणाचा विचारही केला.

तर चौथा धोंडा संपवून मी हात धुतला आणि परत शिडीचं काढलं. तेव्हा कळलं, शिडी सकाळीच शेजारच्या तात्यांकडे गेली होती.

"कुणी दिली?" सासऱ्यांनी विचारलं.

"मीच दिली. त्यांचं नारळ काढायचं हुतं."

"त्याच्याकडं नारळ कुठाय? त्याच्या दारात लिंबू हाय!"

"मग लिंबं काडायची असतील. मला काय म्हाईत?" सासूबाईंनी पदर सावरला आणि माझ्याकडे वळल्या. "आन् पाव्हणं, अदिक महिन्यात जावयानं सासऱ्याच्या घरावर पाय द्यायचा नसतोय. दोष लागतो."

"असं कुठं असतंय, आई?" वैजू म्हणाली.

"असतंय. तुझी आज्जी सांगायची."

"आज्जीच्या वेळी घराला पत्रा होता. पत्र्यावर कोण चढणार होतं?"

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी तेवढ्यात तोड काढली, "पायतान काढून चडंल की!" पण सासूबाईंनी माझ्यासाठी चटईवर उशी टाकून ठेवलीच होती. मला वाटलं, केवढं हे जपणं. जावयाला कामाला लावलं म्हणून चार बायका नावं ठेवतील, याची त्यांना धास्ती. मला भरून आलं आणि झोपही आली.

दुपार कलल्यावर सासऱ्यांनी मला पायाला धरून उठवलं. ओठांवर बोट. "उटा. ही देवळात गेली, दिवा लावायला. शिडी आनलीया."

"तुम्ही आणलीत? मामा, डॉक्टरांनी..."

"तात्यानं आणून दिली. चला बिगीबिगी."

तो तास मी विसरलेलो नाही. सासरे खाली शिडी धरून उभे आणि मी वर. "डावा पाय. डावा म्हनलं न्हवं! हां. आता वर बगू नगासा, पुडं बगा." स्लॅबवर पोचलो, छत्रीच्या दुसऱ्या तोंडावरची रबरी टोपी अजून तशीच होती, ती काढली, तार पिळली. खालून हुकूम चालूच. आवाज रोज थोडा थोडा बसत गेलेला तो माणूस गल्लीत ऐकू जाईल असा ओरडत होता. तार भिंतीवरून खाली सोडली, खिडकीतून आत घेतली. उतरलो तेव्हा माझे गुडघे सोललेले आणि शर्ट शेवाळाने हिरवा. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत पहिली.

"जमतंय की हो तुमाला. मला वाटलं, निस्तं बसूनच."

मला इतका आनंद झाला की मी वळून भिंतीकडे बघत राहिलो. चाळिशीला टेकलेला माणूस, दोन पोरांचा बाप, आणि एका थापेसाठी डोळे भरून आले.

सासरे हातपाय धुवायला मागे गेले. मी टीव्हीच्या मागे बसून तो फाटा काढणार, तोच दारात सासूबाई उभ्या दिसल्या. हातात देवळातून आणलेलं निरांजनाचं तबक. त्यांची नजर खिडकीतून आत आलेल्या तारेवर होती.

"लावली?"

"खाली आणली. आता डब्याला लावतो. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी तबक खाली ठेवलं, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर खाली बसल्या. जावयासमोर त्या कधी बसायच्या नाहीत.

"पाव्हणं, नगा लावू."

"मामी, दोषाचं मनावर घेऊ नका. झालं आता चढून."

"दोष कसला. ते मी आपलं दुपारी बनवलं." "मला तारेतलं काय कळत न्हाई. पर ती लाल बत्ती लागली की ह्यांच्या बातम्या जात्यात, एवढं मला कळलंय. डबा बसला त्या पयल्या दिशी वैजूनं फोनवर शिकवलं तसं मी ते मालिकेचं बटन दाबलं. बातम्या गेल्या. हे शेळ्या बगत बसले, गप जेवले, झोपले. दुसऱ्या दिशी दाबायचं मी इसरली. हे त्या चर्चेतल्या मानसांवर असं वरडायला लागले की धाप लागली. ओठ निळं पडलं. गोळी जिभेखाली ठेवली तवा जरा निवांत झाले. त्या दिसापासनं मी एक दिवस चुकली न्हाई."

"म्हणजे मालिका..."

"कोण बगतंय मालिका! मला ह्यांना बगायचंय."

मी फाटा हातात धरून तसाच बसून राहिलो. छत्री, गट, हुकूम, सगळं मला ठाऊक होतं, आणि सकाळपासून ही बाई माझ्यासमोर शिडी लपवत होती, शास्त्र रचत होती, पोट फुटेपर्यंत मला खाऊ घालत होती, ते मात्र मला दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"मामांना सांगून बघू या का? शांतपणे?"

"सांगून बगितलं न्हाई म्हनता? मी सांगितलं, डाक्टरनं सांगितलं, तात्यानं सांगितलं. म्हनत्यात, मी काय म्हातारा झालोय का." त्यांनी हात जोडले. "अदिक महिन्यात जावयाला द्यायचं असतं, मागायचं नसतं. मी मागती. एवडं वाण मला द्या. आन् वैजूला बोलू नगा. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

मागे मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबला. सकाळी ज्यांनी माझे पाय धुतले होते त्या बाईंचे हात मी खाली केले आणि म्हणालो, "उठा मामी. लावत नाही."

जुनी जोडणी होती तशीच ठेवली. नवी तार टीव्हीच्या मागे नुसतीच खोचून ठेवली. समोरून बघणाऱ्याला वाटावं, जोडलीय.

सातच्या आधी सासरे धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. तात्यांनाही बोलावून घेतलं होतं. "आज बगा. पाव्हण्यांनी स्वतः चडून केलंय." तात्या माझ्याकडे आदराने बघत होते. वैजूच्या चेहऱ्यावर तर अभिमान मावत नव्हता, लग्नानंतर तो मी क्वचितच पाहिलाय. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या, नवऱ्याच्या छातीकडे बघत होत्या.

निवेदकाने हात झाडला. लाल बत्ती लागली. पडदा काळा.

मी टीव्हीच्या मागे गेलो, उगाच खुडबूड केली, घाम पुसला, परत पुढे आलो. 'सिग्नल उपलब्ध नाही.'

"काय झालं हो?" वैजू म्हणाली.

"कळत नाही."

"कळत नाही म्हणजे? तुम्ही इंजिनिअर ना?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता, आणि मला वाटलं, बातम्यांकडून राहिलेलं काम आता माझ्यामुळे होणार. सासूबाई चौकट सोडून एक पाऊल पुढे आल्या.

"नाही जमलं, मामा," मी म्हणालो. "मला येत नाही हे."

सासरे एकदम हसायला लागले. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तात्या, ऐकलं का? टेलिकॉमचा इंजिनिअर! येत न्हाई म्हनतोय!" मग माझ्याकडे वळून, "आवो, मी काय सांगत हुतो? तारेचा दोष न्हाई. एका तारेवर गाव चालतंय. वरनंच येत न्हाई! पटलं का आता?"

"पटलं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी ते अटॅकनंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. जेवताना भाकरीचे तुकडे ताटात मांडून त्यांनी मला पॅरलल जोडणी समजावून सांगितली. हा पोल, ही मेन लाइन, ही तात्याची सर्व्हिस वायर. मी मान डोलावत होतो. एकदा चुकून म्हणालो, "पण मामा, छत्रीत व्होल्टेज खालून वर..." आणि सासूबाईंनी लगेच पातेलं उचललं. सकाळचा एक धोंडा उरला होता. तोही मी खाल्ला.

सासरे त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. शेळीपालन, लावापालन, आळिंबी, सगळं बघितलं. मी गेलो की गल्लीत कुणाला तरी हाक मारून ती गोष्ट सांगायचे आणि दरवेळी तितकेच हसायचे. ते गेले तेही झोपेत, गुपचूप.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी एसटीत वैजू खिडकीकडे तोंड करून बसली होती. कराड गेल्यावर वळली.

"एवढी साधी एक तार तुम्हाला जमली नाही," शेवटी ती म्हणाली. "आण्णा किती आशेनं बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

मी म्हणालो, "मामा रागावले का?"

"रागावतील कशाला. उलट निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, वैजे, तुझ्या नवऱ्याला काय येत न्हाई, पण मानूस लाखाचा हाय. चारचौघांत येत न्हाई म्हनतो, दुसऱ्याचं गप ऐकून घेतो." वैजूचा राग अजून गेला नव्हता, तरी तिला हसू आवरेना. "म्हणाले, तू घोर करू नगंस, पोरी. असल्या मानसाला अटॅक येत न्हाई."